कात्रीचं मत

दाराची घंटा वाजली तेव्हा कात्री कॅमेऱ्यासमोर बसून माफीचं पहिलं वाक्य घोकत होता. सात वाजता लाइव्ह येतो, असं त्याने जाहीर करून टाकलं होतं. सात वाजायला आता फारसा वेळ उरला नव्हता.

कात्री हे नाव त्याला लोकांनीच दिलेलं. हिंदी असो की हॉलीवूड, सिनेमा पहिल्याच दिवशी बघायचा आणि घरच्या या खोलीत बसून त्याच्या चिंध्या करायच्या, हा त्याचा उद्योग. बड्या हिरोंची भीडभाड नाही, परदेशी नावांचा दबदबा नाही. 'त्यांच्या हिरोला मारलं तर त्याला दुखतं. आपला मार खातो, पण भांग मोडू देत नाही,' असं म्हणायचा. आणि हॉलीवूडवर उलटला की, 'यांचं अख्खं जग बुडालं तरी यांना आपल्यासारखं रडायला येत नाही.' लाखो लोक ऐकायचे. एकदा दिलेलं मत त्याने कधी मागे घेतलं नव्हतं.

आज घेणार होता.

नव्या एका हिंदी सिनेमात एक माणूस उंच इमारतीवरून खाली पडतो. थिएटरात त्या क्षणाला शिट्या वाजत होत्या. कात्रीने तो शॉट पुन्हा पुन्हा दाखवून खिल्ली उडवली होती. "पडणारा माणूस हातपाय झाडतो. याचे हात बघा, नुसते लोंबतायत. भुशाची बाहुली आहे ही. हॉलीवूडवाल्यांनी निदान बरी बाहुली टाकली असती."

मग निर्मात्यांनी सांगितलं, ती बाहुली नव्हती. हिरोच्या जागी पडणारा स्टंटमन चित्रीकरणातच गेला होता. त्याला श्रद्धांजली म्हणून तोच शॉट ठेवला होता. लोक कात्रीवर तुटून पडले. त्याला वाटलं, तिकिटं खपवायची ही थाप असणार. तो गप्प राहिला. पण आज दुपारी त्या सिनेमाचा कॅमेरामन घरी आला आणि त्याने न कापलेलं चित्रण कात्रीसमोर ठेवलं. दोर निसटला होता. खाली येण्याआधीच त्या पोराचं डोकं कठड्यावर आपटलं होतं. हात लोंबत होते ते त्यामुळे.

बायको खोलीत आली. "त्या मुलाची आई आलीय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिच्यासमोरच माफी माग. मनावरचं ओझं तरी उतरेल."

कात्री उभा राहिला. बाई शिव्या देईल, कदाचित हात उचलेल. उचलला तर खाऊन घ्यायचा, असं त्याने ठरवलं.

बाई आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. पाण्याचा पेला तिने हातात घेतला, पण प्यायली नाही.

"मावशी, मी..."

"आधी माझं ऐका," ती म्हणाली. "माझा मुलगा तुमचं सगळं बघायचा. जेवताना फोन तांब्याला टेकवून ठेवायचा. म्हणायचा, आई, हा एकटाच खरं बोलतो. मला सिनेमातलं काही कळत नाही. म्हणून विचारायला आलेय."

"विचारा."

"तो पडून गेला, हे मला ठाऊक आहे. पण लोक ज्याच्यावर शिट्या मारतात, तो तोच आहे का? सिनेमावाले म्हणतात तोच. त्यांचं काय, त्यांना सिनेमा चालवायचाय. तुम्ही म्हणालात बाहुली आहे. त्याच सिनेमात तो मोटारसायकलवर आहे म्हणे. पाठमोरा. तेवढा एकदा मला बघायचाय. पण पुढे तो पडताना दिसणार असेल, तर नाही माझ्याने बघवणार. खरं सांगा. बाहुलीच आहे ना?"

बायको दारात थबकली होती. कात्रीने तिच्याकडे पाहिलं नाही. दुपारपासून त्याच्या डोळ्यांसमोरून तो कठडा हलत नव्हता.

"बाहुलीच आहे," तो म्हणाला. "शंकाच नको. पण मोटारसायकलवर तुमचा मुलगाच आहे. मध्यंतरानंतर लगेच येतो. वळणावर गाडी अशी झुकवतो की गुडघा रस्त्याला टेकेल. तसं वळण मी हॉलीवूडमध्येसुद्धा पाहिलेलं नाही." हे शेवटचं वाक्य मात्र अगदी खरं होतं.

बाईने पदर डोळ्यांना लावला. पाणी प्यायली. "सायकलसुद्धा तशीच चालवायचा," ती म्हणाली. "किती ओरडायची मी." मग उठता उठता दारात थांबली. "शेजारची मुलं म्हणतायत, आज तुम्ही शब्द फिरवणार आहात."

"नाही फिरवणार."

ती गेली. बायको म्हणाली, "फाडून खातील रे तुला."

"माहीत आहे."

त्याने दिवा लावला, कॅमेरा सुरू केला. हजारो माणसं आधीच येऊन बसली होती.

"त्या शॉटबद्दल माझं मत होतं तेच आहे," कात्री म्हणाला. "ती बाहुलीच होती. निर्माते काहीही म्हणोत. आणि माफी मी मागणार नाही."

आवाज कापायच्या आत त्याने कॅमेरा बंद केला. पडद्यावर पहिली प्रतिक्रिया लगेच उमटली.

'तुला आई नाही का रे?'