मौनातली गुणगुण

शोकप्रस्ताव वाचून झाला आणि संसदेचं सगळं सभागृह मौनासाठी उभं राहिलं. वर सज्जात दिवंगत शास्त्रज्ञांची पत्नीही उठली. शेजारी पाणबुडीवरचे निवृत्त कप्तान होते, आजच ओळख झालेली. त्यांनी आधाराला हात पुढे केला, पण बाईंनी कठडाच धरला.

भाषणं रीतसर झाली होती. एका सदस्यांनी दिवंगतांना आधी विमानांचे शास्त्रज्ञ ठरवून आकाशात उडवलं. मागून कोणीतरी कोट ओढल्यावर ते समुद्रात उतरले. बाईंना राग आला नाही. इतकी वर्षं संसार करून त्यांना तरी काय ठाऊक होतं? "पाण्याखालचं काम आहे," एवढंच यजमान सांगायचे. पाणबुडी आवाज न करता कशी चालेल, हे त्यांनी शोधून काढलं, हेसुद्धा बाईंना आज अध्यक्षांच्या तोंडून कळलं.

ऐकलं आणि काळजात चर्र झालं. म्हणजे घरीही तेच. मिक्सरखाली रबर, खुर्च्यांच्या पायांना जाड कापड, बिजागऱ्यांना तेल. बाईंना काम करताना गुणगुणायची सवय. मान वळवून बघावं तर यजमान स्वयंपाकघराच्या दाराआड उभे, एक हात खिशात, डोळे मिटलेले. बाई ओशाळून गप्प व्हायच्या आणि ते काही न बोलता निघून जायचे. ज्यांना टाचणी पडलेली खपत नाही, त्यांना आपलं भसाडं गाणं कसं खपावं? हळूहळू त्यांनी गुणगुणणं सोडूनच दिलं. हा सल त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता. आता तर विचारायलाही माणूस उरला नव्हता.

खाली शेकडो माणसं उभी होती. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारे आज शेजारी शेजारी, माना खाली घालून. कागद वाजत नव्हता, कुणी खोकत नव्हतं. एवढ्या माणसांची एवढी शांतता बाईंनी जन्मात अनुभवली नव्हती. हे सगळं आपल्या माणसासाठी! ऊर भरून आला, आणि रडू गिळता गिळता तोंडून भलतंच निघालं. तीच जुनी गुणगुण.

त्या शांततेत ती थेट छतापर्यंत गेली. खालच्या माना वर झाल्या. रखवालदार लगबगीने पुढे आला. बाईंनी रुमाल तोंडावर दाबला. गेल्यावरही यांची शांतता आपणच मोडली! धरणीने पोटात घ्यावं, असं त्यांना झालं.

कप्तानांनी रखवालदाराला हातानेच थांबवलं. मौन संपलं, लोक बसले, तरी ते बाईंकडे बघत उभेच.

"म्हणजे तो आवाज तुमचा?"

"चुकून झालं हो..."

"वहिनी, आमची प्रत्येक पाणबुडी याच आवाजावर पास झालीय. सर खिशातून छोटा रेकॉर्डर काढून आत याची टेप लावायचे आणि स्वतः बाहेर, पाण्यात ऐकायचं यंत्र सोडून, कान लावून बसायचे. जरा जरी ऐकू आला, की बोट परत कारखान्यात. मी एकदा विचारलं, सर, हाच आवाज का?"

"मग?" बाईंनी तोंडावरचा रुमाल खाली घेतला.

"म्हणाले, 'हा एकच आवाज मी सात समुद्रांतून ओळखेन. तो मला सापडला नाही, तर शत्रूच्या बापालाही सापडणार नाही.'"