चालवणाऱ्याचे नातलग

“यादी तुम्हीच काढा, बापू. माझा हातसुद्धा लागायला नको तिला,” असं म्हणत ताईनं आपला डबा उघडला आणि अर्धा त्यांच्या ताटलीत रिकामा केला.

बापूंनी मान डोलावली. “काढतो की. माझं कोण आहे त्यात?”

इस्पितळाच्या डेटा विभागात माणसं दोनच, ताई आणि बापू. बारा वर्षं टेबलाला टेबल लावून बसलेली. बापूंची बायको चार महिन्यांपासून माहेरी होती. आई आजारी आहे तिची, असं ते सांगत. तेव्हापासून ताई डब्यात रोज दोन घास जास्तच आणायची.

नव्या उपचाराच्या जागा आठ, अर्ज तीनशेच्या वर. त्यातला एक ताईच्या वडिलांचा, अण्णांचा. पुढच्या जागा वर्षानं निघणार होत्या आणि अण्णांच्या हाताशी वर्ष नव्हतं. डॉक्टरांनी हे तिला जिन्यात गाठून सांगितलं होतं. आजाराच्या गुणांवर पहिल्या आठांत ते नक्की बसतील, असंही सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर ती तग धरून होती.

वशिल्याचा बभ्रा नको म्हणून वरून फर्मान आलं होतं: जो यादी काढेल, त्याचे नातलग यादीतून बाद. हा नियम कोडमध्ये उतरवायचं काम ताईच्याच गळ्यात पडलं. तिनं ते घरी केलं, अण्णांच्या उशाशी लॅपटॉप घेऊन, आणि कोडचं नीट पॅकेज बांधलं. ऑफिसात कोड चालवायची जागा म्हणजे डेटा नोटबुक, पडद्यावरची एक वहीच. पॅकेज त्या वहीत बसवलं की ते आधी वहीला विचारणार, चालवणारा कोण? वही कर्मचाऱ्याचा क्रमांक सांगणार, आणि त्याचे नातलग गळणार.

घरी ती वहीच नव्हती. कोड बिचारा प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसायचा. शेवटी ताईनं उत्तराच्या जागी एक खोटा क्रमांक घातला आणि वेळ मारून नेली.

खऱ्या वहीत तेवढं तपासून द्या, अशी गळ तिनं बापूंना घातली. बापूंनी तीन दिवस लावले. एवढं काय तपासताय, मुलगी द्यायची आहे का त्याला, म्हणून तिनं चिडवूनही घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा पुसत सांगितलं की काम चोख आहे, आता एक अक्षर बदलू नकोस.

यादी एकदाच निघणार होती. निघाली की ती कुलूपबंद, तासाभरात आठ घरी फोन. तोवर रुग्ण म्हणजे नुसते क्रमांक, नावगाव यादीबरोबरच उघडणार.

ठरल्या दिवशी सकाळी नऊला बापूंचा फोन आला. त्यांना यायला थोडा उशीर होत होता. वही सुरू व्हायलाच वीस मिनिटं खाते, तेवढी उघडून ठेव, बटण मी येऊन दाबतो, असं ते म्हणाले. वही दोघांची सामाईक होती, एकानं उघडली की दुसऱ्याच्या पडद्यावरही दिसे. ताईनं ती उघडली आणि उगाच संशयाला जागा नको म्हणून सरळ व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

बापू आले, आपल्या खुर्चीत बसले, आपल्याच कॉम्प्युटरवर बटण दाबलं. ताई काचेतून बघत होती. सख्ख्या भावानं तरी आणखी काय केलं असतं, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले.

बापू बाहेर आले. “झालं. तू आता अण्णांकडे जा. यादी काय, उद्याही बघता येईल.”

“उद्या कशाला?” म्हणत ती हसली आणि आत गेली.

आठ नावं होती. त्यात अण्णा नव्हते. तिनं पुन्हा वाचली, बोट ठेवून वाचली. गुण कमी पडले असतील, असं तिला वाटलं. मग खालची ओळ दिसली. बाद: एक. कारण: चालवणाऱ्याचे वडील.

चालवणारा म्हणून तिथे ताईचाच क्रमांक होता.

बटण बापूंनी दाबलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. पण कोडनं विचारलं होतं वहीला, आणि वहीनं क्रमांक सांगितला तो सकाळी वही उघडणाऱ्याचा. घरच्या खोट्या क्रमांकावर हे कधीच कळलं नसतं. खऱ्या वहीत तासाभरात कळलं असतं.

तिनं मान वर केली. काचेपलीकडे बापू पाठ करून कोणाशी तरी फोनवर बोलत होते, खांदे हलत होते. रडत असावेत. माझ्या अण्णांसाठी, असं तिला क्षणभर वाटलं.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. आठव्या ओळीत एक बाई होती, वय एकोणपन्नास. नातलग: पती. नोकरी: याच इस्पितळात, डेटा विभाग.