रिव्हर्सचा चढ

ओल्या चढावर नवरा-बायकोच्या छोट्या गाडीची पुढची दोन चाकं जागीच गरगरत होती. वर माहेरी तिच्या आईला धाप लागली होती, दवाखाना गाठायचा होता आणि फोनवर भाऊ तोंडसुख घेत होता.

"दाजींना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, चारही चाकं ओढणारी घ्या!"

नवऱ्याने गाडी मागे घेऊन तोंड उताराकडे वळवलं.

"अहो, परत काय फिरताय? आई आहे वर!"

"म्हणूनच."

मान मागे वळवून त्याने रिव्हर्स टाकला. आता ओढणारी पुढची चाकं उताराच्या बाजूला आल्याने जास्त भार त्यांच्यावर आला, आणि गाडी कण्हत-कुंथत उलटी चढून दारात पोचली.

अंगणात भावाची चारही चाकं ओढणारी गाडी लख्ख उभी होती. तिने विचारलं, "मग आईला हिच्यातून का नाही नेलंस?"

"कालच धुतली गं," भाऊ म्हणाला.