हातभर बांगड्या

परभणीच्या डॉक्टरांनी माणिकरावांना दोन्ही डोळ्यांची आशा सोडायला सांगितली. ताडकळसला परतताना एसटीत एका बाजूला त्यांची लेक शिवकन्या गप्प बसून होती, अन् दुसऱ्या बाजूचा अनोळखी माणूस त्यांची समजूत घालत होता. "मामा, कान शाबूत हाईत, हे काय कमी हाय? लेकीचं बोलणं तरी कानावर पडंल."

"देवानं मला इचारलं असतं, तर म्या कान दिले असते," माणिकराव म्हणाले. त्या माणसाला काही उमगलं नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला.

ताडकळसला बाजार भरला होता. लेकीचा हात धरून माणिकराव थेट कासारणीपुढं जाऊन बसले. "हिला बांगड्या भर. काचेच्या. कोपरापर्यंत."

"लग्न काढलं का पोरीचं? कोणता रंग भरू?"

"लग्न न्हाई. रंग कोणता बी भर, निस्त्या वाजल्या पाह्यजेत. जन्माची मुकी हाय ती. हातानं बोलती माझ्याशी. आता ती बोलायली, एवढं तरी कळंल मला."

कासारणीनं दोन्ही हात भरले. शिवकन्या बापासमोर बसली. बांगड्या वाजल्या, थांबल्या, मग बराच वेळ वाजतच राहिल्या. माणिकरावांनी पुढं झुकून सगळं ऐकून घेतलं, आणि लेकीला वाईट वाटू नये म्हणून कळल्यासारखी मान हलवली.