डाव्या स्पीकरचा पडदा

जळमटं काढता काढता झाडूचा दांडा निसटला आणि सरळ डाव्या स्पीकरच्या कागदी पडद्यात घुसला. क्रांती स्टुलावरच थिजली. बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

ते दोन लाकडी स्पीकर सासऱ्यांचे, उदयसिंह आबांचे. पुढच्या जाळ्या केव्हाच निघून गेलेल्या. सासूबाई विठाबाई गेल्यापासून आबा रोज संध्याकाळी एकच कॅसेट लावत. तिच्यात विठाबाईंनी म्हटलेली भजनं होती. पुतण्या कृष्णात एकदा म्हणाला, "हे भंगारात काढू, मी नवे आणतो." त्याचं घरात येणं बंद झालं.

क्रांती या घरात नवीन होती. आबा तिला कधी वावगा शब्द बोलले नव्हते, तरी ते समोर आले की ती स्वयंपाकघरात निघून जायची. बोलणाऱ्याच्या तोंडावर ते नजर रोखून बघत. कुणी पाठमोरं बोललं तर उत्तरच देत नसत. स्वतः बोलायचे ते ओरडूनच.

तिनं नवऱ्याला फोन लावला. राजवीर शिरोलीच्या कारखान्यात होता.

"पडदा फाटला? आबांच्या स्पीकरचा?"

"व्हय."

"आबा कुठं हायत?"

"तालमीकडं गेल्यात."

"मग ते यायच्या आत काय तरी कर. मला न्हाय सांगता यायचं त्यास्नी."

तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ शोधला. स्क्रू काढून स्पीकर खोक्यातून अलगद बाहेर घेतला. कडेचा जुना फोम हात लागेल तिथं भुरभुरत होता. पातळ केलेल्या डिंकानं तिनं टिश्यू पेपरचा तुकडा भोकाच्या मागून चिकटवला. जाड थर देऊ नका, आवाज बसतो, असं व्हिडिओतला माणूस बजावत होता. वाळल्यावर पुढून काजळ फिरवलं. वायरींची टोकं हिरवी पडलेली दिसली, म्हणून दोन्ही स्पीकरच्या वायरी सोडवून ती ब्लेडनं खरवडायला बसली.

फाटक वाजलं.

तिनं स्पीकर खोक्यात बसवला. घाईत शेवटचा स्क्रू घरंगळून कॉटखाली गेला. आबा दारात उभे होते.

"काय चाललंय?"

"पुसून घेतलं, आबा."

त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. मग डाव्या स्पीकरकडं. खुर्ची ओढली, टेपमध्ये कॅसेट घातली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. कॅसेटची चाकं फिरायला लागली.

तेव्हा क्रांतीच्या लक्षात आलं. दोन्ही वायरी अजून तिच्याच मुठीत होत्या, पाठीमागं.

आता ओरडतील, मग राजवीरला बोलावतील, मग माहेरी फोन जाईल. ती वाट बघत उभी राहिली. खोलीत पंख्याच्या घरघरीशिवाय कसलाच आवाज नव्हता.

आबांनी डोळे मिटले. बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली. जरा वेळानं त्यांनी डोळे उघडले, सुनेचा पांढराफटक पडलेला चेहरा पाहिला आणि हात आवाजाच्या बटणाकडं नेला.

"लई मोठा झाला व्हय गं?" ते म्हणाले. "थांब, बारीक करतो."