पाणी देऊ का?

"बसा ना वस्ताद, उभे किती वेळ राहणार?" बायको म्हणाली, आणि जाळीपाशी उभ्या असलेल्या आचाऱ्याचा जीव भांड्यात पडला.

'बसा ना' म्हणजे सगळं ठीक. दोघांचं कालच ठरलं होतं. 'पंखा लावू का' म्हणजे करपतंय, उतरवा. 'पाणी देऊ का' म्हणजे मीठ कमी. पाहुणा आला की कुठलीही बाई बोलते तीच वाक्यं. वस्तादांना संशय यायचं कारणच नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वीच्या तापाने आचाऱ्याचं नाक नेलं होतं, आणि जाता जाता जीभही. कोथिंबीर काय अन् साबण काय, त्याला सारखंच. हे फक्त बायकोला ठाऊक. वस्तादांनी एवढंच पाहिलं होतं, की हॉटेलात कामावर परत आल्यापासून याची ताटं अर्धी तशीच परत येतात. "रविवारी दुपारी तुझ्या घरी येतो," ते म्हणाले होते. "तुझे ते पोर्कचे टाको खायला घाल. जमले, तर सोमवारपासून भट्टी तुझी. नाहीतर मी दुसरा माणूस बघून ठेवलाय." बावीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नव्हतं. आता पंचेचाळिशीत काय करणार होता, डोंबल?

मागच्या अंगणात निखारे छान फुलले होते. लाल मिरची, व्हिनेगर आणि अननसाच्या रसात रात्रभर मुरलेले मांसाचे पातळ काप त्याने एकेक करून जाळीवर टाकले. भाजणं त्याला अजून जमत होतं. चरबीचा आवाज बारीक झाला की उलटायचं, बोटाने दाबलं आणि मांस उसळून वर आलं की उतरवायचं. मीठ त्याने सकाळी वजन करून घातलं होतं. पहिला तुकडा बशी न्यायच्या निमित्ताने बायकोने स्वयंपाकघरात चाखला होता आणि बाहेर येऊन 'बसा ना' म्हटलं होतं. आता फक्त कापायचं, मक्याच्या पातळ पोळीत, टॉर्टियात, भरायचं आणि वाढायचं.

वाऱ्याने दगा दिला. धूर वळला तो थेट वस्तादांच्या तोंडावर. त्यांना जोराचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"अगबाई! पाणी देऊ का?" बायको म्हणाली.

म्हणाली, आणि तिने जीभ चावली.

आचाऱ्याची सुरी थांबली. मीठ कमी? वजन करून घातलेलं? बावीस वर्षांचा स्वतःचा हात त्याला सांगत होता की बरोबर आहे. पण दोन महिने तो तिच्या जिभेवर जगत होता. त्याने डब्यातून चांगली तीन बोटं भरून मीठ घेतलं आणि फळीवरच्या कापलेल्या मांसावर भुरभुरलं.

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. मीठ जास्त झालं तर काय म्हणायचं, हे ठरलंच नव्हतं. त्याच्या हातून मीठ जास्त पडेल, हे दोघांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तिने घाईघाईने वस्तादांच्या हातात ग्लास दिला आणि नवऱ्याकडे वळून, डोळे मोठे करून म्हणाली, "अहो, पाणी दिलं मी! दिलं! आता पाणी पुरे!"

तीनदा पाणी. बाप रे, एवढं कमी? त्याने आणखी एक चिमूट टाकली, आणि भीतीपोटी वर अजून एक.

"द्या बरं ती फळी इकडे," ती आता रडकुंडीला आली होती. "मी बघते काय ते. तुम्ही बसा ना!"

बसा ना. आचाऱ्याने सुस्कारा सोडला आणि तिच्याकडे बघून हसला. लग्नात हसला होता तसा. फळी काही त्याने सोडली नाही.

दोन-दोन टॉर्टिया एकावर एक, त्यांत मांस, भाजलेल्या अननसाची फोड, बारीक कांदा, कोथिंबीर, वरून लिंबू. हात कसे झरझर चालले होते! बशी त्याने स्वतः वस्तादांपुढे ठेवली.

वस्तादांनी मोठा घास घेतला. दोनदा चावला. मग त्यांचा जबडा थांबला. त्यांनी आचाऱ्याच्या बायकोकडे पाहिलं, तर ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. घास त्यांनी कसाबसा गिळला, बशीतला दुसरा टाको उचलला आणि आचाऱ्यापुढे धरला.

"तू खा."

"आधी तुमचं होऊ द्या की."

"खा म्हणतो ना."

आचाऱ्याने खाल्ला. पूर्वी खायचा तसाच, डोळे मिटून, सावकाश. कोथिंबिरीचं पान ओठाला चिकटलं तेही जिभेने आत ओढून घेतलं.

"हं," तो म्हणाला. "अननस बघा कसा मागून येतो. आणि मीठ... मीठ अगदी बेताचं पडलंय."

जाळीवर राहिलेला एक काप चरचरत होता. बायकोने तोंड फिरवलं. वस्ताद बराच वेळ आचाऱ्याकडे बघत राहिले. ज्याला त्यांनी कांदा चिरायला शिकवला होता, त्याच्याकडे. रागवायला आलेला त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "जरा पाणी देता का?"

आचाऱ्याचा हात मिठाच्या डब्याकडे गेला.