अडुसष्ट गुणांचा बचावपटू

रविवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी फैजपूरच्या मोहिनीने फोनवरच्या फुटबॉल गेममधला आपला संघ पुन्हा निवडायला घेतला. सलग चार सामने ती हरली होती. पाचवा पाच वाजता धुळ्याच्या प्रशीलशी होता. हाही सामना हरली की ती स्पर्धेतून बाहेर.

तिचे वडील जीवराम केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. चहा पिता पिता त्यांनी यादीतल्या एका बचावपटूवर बोट ठेवलं. “ह्याले बाहेर कामून बसवलं?”

“आबा, त्याचे गुण अडुसष्टच आहेत. त्याच्या जागी चौऱ्याऐंशीचा घेतला. तो गोल करतो.”

“हा कोनाच्या बाजूले खेळे?”

“कप्तानाच्या. तीन वर्षं.”

“मंग जोडी फोडली तू. घड कापनारा खाली पाहत नाही, कारन खाली झेलनारा रोजचा असतो. तो बदलला की कापनाऱ्याचा हात अडखळतो.”

मोहिनीने अडुसष्टला परत घेतलं. मग उरलेल्या प्रत्येकाबद्दल जीवराम एकच विचारत गेले, ह्याचं रोजचं काम काय? तिने आणखी चौघांच्या जागा बदलल्या.

मध्यंतराला शून्य-शून्य. प्रशीलचा मेसेज आला, “ताई, कोच ठेवला का?”

ऐंशीव्या मिनिटापर्यंत गोल झालेला नव्हता. जीवरामांनी चष्मा पुसून फोन जवळ ओढला.

“मोहिनी, ह्याच्यात आपले कोनते? पिवळे का निळे?”